हिवाळ्यात डब्यांमध्ये रोपं करताना: नंबर, पट्ट्या आणि सांभाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी झाली की आमच्या आंगणात डबे मांडले जातात. आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे, तेलाचे, फुटकी बादली, जे हाती लागेल ते. टमाटर, वांगी, मिरची, कोबी, कांदा, झेंडू सगळ्याची रोपं त्यातच होतात, घरापुरती ठेवून उरलेली मी आठवडी बाजारात नेते. बाजारात बसलं की बायका रोपापेक्षा प्रश्न जास्त विचारतात आणि मग रात्री फोनवर पुन्हा तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. आमचा भाग वर्धा-यवतमाळकडचा, काळ्या मातीचा, त्या हिशोबाने वाचा.

डब्यावर नाव-नंबर कशाला पाहिजे? रोप उगवलं की ओळखू येतंच ना?

मलाही असंच वाटायचं. टमाटर, वांगं, मिरची थोडं मोठं झालं की ओळखू येतं खरं, पण पानकोबी, फुलकोबी, गाठकोबी, मोहरी आणि मुळा ही सगळी एकाच घरातली भावंडं, उगवताना सगळ्यांची पहिली दोन पानं बदामासारखी आणि अगदी सारखी. पहिले दोन आठवडे तर कोणाचा बापही सांगू शकत नाही. आणि मिरचीच्या दोन जातींची रोपं शेजारी ठेवली तर फळ लागेपर्यंत नाही कळत कोणती कोणती.

पहिल्या वर्षी मी पानकोबीची रोपं फुलकोबी म्हणून विकली. मुद्दाम नाही हो. दोन महिन्यांनी एक बाई बाजारात शोधत आली, हातात गड्डा घेऊन, "काहून वं, फूल म्हणून देल्लं अन् गड्डा निंगाला?" चारचौघांत. मी पैसे परत केले, वर सांबाराची (कोथिंबिरीची) एक जुडी दिली, पण त्या दिवशी नंतर एकही रोप खपलं नाही. तेव्हापासून नंबर.

मग लिहायचं कुठे? झाकणावर लिहिलं तर चालत नाही का?

झाकणावर कधीच नाही. बाकीचं सगळं विसरलं तरी चालेल, हे एवढं ध्यानात ठेवा. वरचा किस्सा झाकणामुळेच झाला. मी मोठ्या हौसेने प्रत्येक झाकणावर नाव लिहिलं होतं, दुपारी ऊन वाढलं म्हणून सासूबाईंनी सगळी झाकणं काढली, धुतली, ओसरीवर वाळत घातली आणि संध्याकाळी ज्या डब्याला जे बसलं ते लावून दिलं. डबे सगळे एकाच मापाचे. त्यांची काय चूक, त्यांच्या दृष्टीने झाकण म्हणजे झाकण.

नंबर डब्याच्या अंगावर लिहायचा, जो भाग मातीपासून वेगळा होत नाही तिथे. एकदा समोरच्या बाजूला आणि एकदा बुडाजवळ जिथे ऊन लागत नाही. समोरचा उडाला तरी बुडाचा राहतो. शिवाय एक छोटी पट्टी डब्याच्या कडेला मातीत पूर्ण खुपसून ठेवते, वरून दिसत नाही, त्यामुळे पोरं उपटत नाहीत. हे जरा जास्त वाटेल, पण तीनपैकी एक तरी टिकतंच.

नाव लिहायचं की नंबर?

डब्यावर फक्त नंबर, बाकी सगळं वहीत. नाव, जात, बी कुठून आणलं, तारीख एवढं सगळं डब्यावर मावत नाही, आणि बारीक अक्षर तर सगळ्यात आधी पुसतं. नंबर मोठा काढता येतो, पाच हातांवरून दिसतो.

माझी वही म्हणजे पोराची उरलेली शाळेची दोनशेपानी. एक ओळ अशी असते:

17 – टमाटर, घरचं बी, लांबट – पेरलं 9/11 – बिया 22 – दिसले 16/11, एकूण 19 – पिशवीत 10/12

दुसरी:

23 – मिरची, जावेकडचं बी – पेरलं 9/11 – बिया 30 – दिसले 27/11, फक्त 11 – बी जुनं? पुढच्या वर्षी घेऊ नये

ही दुसरी ओळ जास्त कामाची, कारण पुढच्या दिवाळीला जाऊ पुन्हा तेच बी घेऊन आली तेव्हा मला आठवत नव्हतं पण वहीला आठवत होतं. (जावेला वही दाखवली नाही. बी घेतलं आणि कोंबड्यांना टाकलं.)

नंबर दरवर्षी 1 पासून नका सुरू करू, मागच्या वर्षीचा डबा धुतला गेला नसेल तर दोन सतरा होतात. मी पुढे मोजत जाते, सध्या दोनशेच्या वर आहे.

मार्करने लिहिलेलं महिन्याभरात उडून जातं, काय करायचं?

उडणारच. दुकानदार परमनंट मार्कर म्हणून देतो, पण ते पाण्यापुरतं परमनंट, उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातही आकाश निरभ्र, दिवसभर ऊन, दक्षिणेकडे तोंड केलेल्या डब्यावरची काळी शाई आधी जांभळी पडते आणि संक्रांतीपर्यंत गायब. शाळेतल्या पांढऱ्या फळ्याचा मार्कर तर बोट लागलं की गेला.

टिकते ती साधी शिसपेन्सिल. हसू नका. तिच्यातलं ग्राफाइट उन्हाने फिकं पडत नाही आणि पाण्याने विरघळत नाही. फक्त गुळगुळीत प्लास्टिकवर ती उमटत नाही, म्हणून आधी त्या जागी सँडपेपर नाहीतर विटेचा तुकडा घासून खरबरीत करायचं आणि मग दाबून लिहायचं. जाड, मऊ पेन्सिल घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला ऑइल पेंट. प्रत्येक घरात एक अर्धी डबी घट्ट झाकण बसलेली पडूनच असते, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत ती वाळून दगड होते, त्यापेक्षा दिवाळीला उघडा, काडीला कापूस गुंडाळा आणि नंबर टाका. एकदा वाळला की दोन वर्षं हलत नाही. नेलपॉलिशनेही जमतं पण बारकी बाटली, वीस डब्यांत संपते आणि घरात भांडण.

खडू, कोळसा, गेरू हे पहिल्या पाण्यातच जातं. कागदाची चिठ्ठी वर सेलोटेप लावून चिकटवली तर आतून घाम येतो आणि शाई पसरते, मी केलंय, नका करू.

वेगळी पट्टी मातीत खोवायची तर कशाची?

आमच्याकडे सगळ्यात भारी चालतं ते कवेलूचं (छपरावरच्या मातीच्या कौलाचं) तुकडं. जुनं घर पाडलं की ढीग पडलेला असतो. दोन बोटं रुंद तुकडा घ्यायचा, त्यावर पेन्सिल किंवा पेंट दोन्ही छान बसतं, वाऱ्याने उडत नाही, सडत नाही, आणि डब्यातून पिशवीत, पिशवीतून वाफ्यात तोच तुकडा जातो.

कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा डबा कात्रीने पट्ट्या करून कापला आणि खाली काहीतरी मऊ ठेवून त्यावर बॉलपेन जोरात दाबून लिहिलं तर अक्षर धातूत रुततं, शाई गेली तरी खड्डा राहतो. हे सगळ्यात टिकाऊ. पण कडा धारदार असतात, लहान पोरं असतील तर कडा दुमडून घ्या. आणि त्या चमकतात, चमकलं की पोरं घेऊन पळतात.

आइस्क्रीमच्या काड्या ओल्या मातीत महिना-दीड महिन्यात खालून काळ्या पडून मोडतात. डब्यातल्या रोपापुरतं चालतं, वाफ्यात नाही. तुराटी (तुरीची वाळलेली काडी) खोवता येते पण तिच्यावर लिहिणार कुठे, मी तुराटीला चिंधी बांधते, त्याचं पुढे सांगते.

घरात म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही आणि पाणी तर त्याच घालतात. त्यांना कसं कळणार?

हा प्रश्न कोणी पुस्तकात घेत नाही पण खेड्यात हाच खरा. आमच्या सासूबाईंनी यावर स्वतःच तोड काढली. फुटक्या काचेच्या बांगड्या. मिरचीच्या डब्यात हिरवा तुकडा, टमाटरात लाल, वांग्यात जांभळा, कांद्यात पांढरा, कोबीत पिवळा. काचेचा रंग उन्हाने जात नाही ना पाण्याने. मी नंबर आणि वही करून जे मिरवते ते त्या नुसत्या नजरेने सांगतात.

एक अडचण, एकाच भाजीच्या तीन जाती असल्या की रंग पुरत नाहीत. मग जुन्या साडीच्या चिंध्या तुराटीला बांधायच्या आणि गाठी मोजायच्या, एक गाठ म्हणजे घरचं बी, दोन म्हणजे विकतचं, तीन म्हणजे कोणीतरी दिलेलं. गाठी अंधारातही हाताने लागतात, सकाळी पाचला लाइन (वीज) नसते तेव्हा याचं महत्त्व कळतं. काच मात्र रोपं काढताना हाताला लागू शकते, तुकडा कडेलाच उभा खोवा आणि रोपं काढायच्या आधी उचला.

डबे कोणते घ्यायचे?

चार ते सहा इंच खोल असलेलं काहीही. आइस्क्रीम-श्रीखंडाचे डबे, तेलाचा टिन आडवा कापून, पाण्याची बाटली आडवी कापून, दुधाच्या रिकाम्या पिशव्या. जास्त करायची असतील तर 98 घरांचा प्रो ट्रे (रोपं करायचा खाचांचा प्लास्टिकचा ट्रे) घ्या, स्वस्त पडतो, पण त्याला नंबर ट्रेवर एकच टाकता येतो आणि ओळी वहीत मांडाव्या लागतात, म्हणून ट्रेचा एक कोपरा कापून ठेवा आणि तो कोपरा कायम डावीकडे वर धरा. नाहीतर ट्रे कोणी फिरवून ठेवला की पहिली ओळ शेवटची होते.

फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी नाही. नाहीच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, हे आपण सगळ्यांनी जवळून पाहिलंय, तरी लोक ते डबे घरात वापरतात. औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून डबा वापरण्याजोगा असं काही नसतं, तेही विषच. डब्याला भोकं पाडून, चेपून टाकायचं, भाजी त्यात नाही लावायची.

बुडाला भोकं किती?

आइस्क्रीमच्या लिटरभर डब्याला पाच-सहा, खिळा तापवून. भोकावर कूलरच्या जुन्या गवताचा पातळ थर टाका म्हणजे माती वाहून जात नाही.

यूट्यूबवर परदेशातले लोक प्लास्टिकच्या कॅनमध्ये बी पेरून हिवाळाभर बर्फात ठेवतात. आपण तसंच करायचं का?

नाही, आणि यात बऱ्याच जणांची फसगत होते. त्याला तिकडे विंटर सोईंग म्हणतात, अमेरिकेत न्यूयॉर्ककडच्या लाँग आयलंडच्या ट्रुडी डेव्हिडॉफ बाईंनी ती पद्धत लोकांमध्ये पसरवली. तिकडे दुधाचे पारदर्शक प्लास्टिकचे मोठे कॅन येतात, ते मधून कापायचे, खाली भोकं, आत माती-बी, वर पुन्हा बंद करून टेपने चिकटवायचे, बूच काढून ठेवायचं आणि सरळ बाहेर थंडीत. तिकडच्या पुष्कळ फुलझाडांच्या बियांना काही आठवडे गारठा आणि ओल मिळाल्याशिवाय त्या उगवतच नाहीत, गोठणं-वितळणं चालू राहतं तसं बियांचं कवच मऊ पडतं आणि वसंतात ऊब आली की त्या आपोआप वेळेवर फुटतात. कॅन म्हणजे बर्फातलं छोटं काचघर.

आपल्याकडे टमाटर-वांग्याला गारठ्याची काही गरज नाही, उलट त्याने उगवण रखडते. आणि डिसेंबरातही दुपारी 28-30 डिग्री असतं, बंद कॅन उन्हात ठेवला तर आतलं रोप दोन तासांत उकडतं. आमच्या इथल्या एका पोराने हौसेने वीस लिटरचा पाण्याचा कॅन कापून अगदी व्हिडिओसारखा बंद केला, तिसऱ्या दिवशी उघडला तर पालक शिजवल्यासारखा. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे दूध पिशवीत येतं.

त्या लोकांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी, ते नंबर आणि पट्ट्यांच्या बाबतीत फार काटेकोर असतात, कारण त्यांचा डबा दोन-तीन महिने नुसता मातीचा दिसतो.

मग झाकायचंच नाही का? थंडीची लाट आली तर?

रात्री झाकायचं, सकाळी काढायचं. बस्स. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 डिग्रीपर्यंत उतरला होता, त्या आठवड्यात आमच्याकडे मिरचीची उघडी राहिलेली रोपं सकाळी काळपट होऊन लोळली होती आणि गोणपाटाखालची शाबूत. रोज इतकी थंडी नसते, पण आठ-नऊ डिग्रीच्या रात्री येतातच.

चार काटक्या उभ्या करून वरून गोणपाट किंवा युरियाचं पोतं उलगडून टाका, पानांना चिकटू देऊ नका. सूर्य वर आला की लगेच काढा, आठ-साडेआठला, कारण आत दव साचलेलं असतं. भिंतीला लागून, पूर्वेकडे तोंड असलेली जागा बघा. टिनाच्या छतावर ठेवू नका, रात्री टिन माणसापेक्षा लवकर गार पडतं आणि दुपारी तापतं. चिखलदऱ्याकडच्या थंड डोंगराळ भागातल्यांनी मिरची-टमाटर थोडी थांबूनच पेरलेली बरी.

झाकताना-काढताना डबे सरकतात, म्हणून वहीत जागेवर भरवसा ठेवू नका. "भिंतीकडून तिसरा" असं मी एकदा लिहिलं होतं. कोणती भिंत ते लिहिलं नव्हतं.

माती कशी घ्यायची?

नुसती काळी माती नको, वाळली की तडकते आणि भेगेत बारीक मुळं तुटतात. एक टोपलं काळी माती, एक टोपलं जुनं कुजलेलं शेणखत, एक टोपलं रेती, थोडी राख. कच्चं शेण घातलं तर बुरशी येते आणि हुमणीच्या अळ्या फुकटात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, सांबाराचं बी चोळून दोन फाका करून पेरायचं.

पाणी किती आणि कसं?

बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडून झारी करा, ग्लासने ओतलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं. त्याहून बरं म्हणजे खालून पाणी पाजणं. घरातला कूलर हिवाळ्यात रिकामाच असतो, त्याचा खालचा पाण्याचा ट्रे काढा, त्यात दोन बोटं पाणी भरा आणि डबे अर्धा तास बसवा, माती खालून पाणी ओढते आणि वरचा थर फार चिखल होत नाही. वरून माती ओलसर दिसली की डबे उचला, दिवसभर त्यात बसवून ठेवू नका.

कूलरचा लोखंडी स्टँडही घ्या. डबे त्यावर कोंबड्यांच्या उंचीच्या वर राहतात, आणि मी स्टँडच्या फ्रेमवरच पेंटने खण पाडून नंबर टाकलेत.

हिवाळ्यात पाणी संध्याकाळी नको, सकाळी ऊन आल्यावर. संध्याकाळचं ओलं रात्रभर गार राहतं.

पंधरा दिवस झाले, काहीच उगवलं नाही. बी खराब होतं का?

आधी वहीतली तारीख बघा, निम्म्या वेळा पंधरा दिवस झालेलेच नसतात. मेथी तीन-चार दिवसांत दिसते, कोबी-मुळा चार-सहा, टमाटर आठवडाभर, कांदा आठ-दहा दिवस, वांगं दहा-बारा, सांबार आणि गाजर दहा ते पंधरा. मिरची सगळ्यात आळशी, तिला 25-30 डिग्री ऊब आवडते आणि थंडीत ती तीन आठवडेही घेते. म्हणून मिरचीचा डबा कधी रिकामा करू नका, आमच्या ह्यांनी एकदा "काही नाही यात" म्हणून डबा उकिरड्यावर पालथा केला आणि आठ दिवसांनी उकिरड्यावर मिरची उगवली.

लवकर पाहिजे असेल तर बी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा आणि पुरचुंडी चुलीजवळ किंवा कुजत्या शेणखताच्या उबेत ठेवा, कोंब टोचला की पेरा. पुरचुंडीला पण नंबर. तीन पुरचुंड्या एकाच फडक्याच्या केल्या तर देवच वाली.

विकतच्या पाकिटावर काय बघायचं?

बियांच्या पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता आणि किमान उगवण टक्केवारी लिहिलेली असते. टमाटरला किमान 70 टक्के आणि मिरचीला 60 टक्के उगवण धरलेली असते, म्हणजे मिरचीच्या शंभर बियांतून साठ आल्या तरी कायद्याने बी चांगलं. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, सत्यप्रत (कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याला हिरवट.

पाकीट फाडून फेकू नका. वरचा छापील भाग कापून वहीत त्या नंबरपुढे चिकटवा, सोबत बिल. एका दुकानातून आणलेल्या भोपळ्याच्या बियांतून मला दोडके आले तेव्हा माझ्याकडे ना पाकीट होतं ना बिल, दुकानदाराने सरळ हात वर केले. लाल-गुलाबी रंग लावलेलं बी म्हणजे औषध चोळलेलं, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका आणि हात धुवा.

मुंग्या, कोंबड्या, खारी, वानरं. कोणाकोणाला आवरायचं?

मुंग्या पालकाचं आणि झेंडूचं बी रातोरात नेतात, डब्यांभोवती राखेची रेघ ओढा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. कोंबड्यांसाठी जुनी मच्छरदाणी. खार उगवता कोंब खुडते, तिलाही मच्छरदाणीच.

वानरांना औषध नाही. टोळी आली की पट्ट्या उपटून चावून बघतात आणि फेकून देतात, रोपापेक्षा त्यांना पट्टीतच जास्त रस. म्हणून तर अंगावर रंगवलेला नंबर आणि मातीत पुरलेली पट्टी. डबा पालथा पडला तरी माती सांडलेल्या जागी पट्टी सापडते, रोप पुन्हा लावता येतं.

रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं, हे काय?

रोप कोलमडणं, मातीतली बुरशी. दाट पेरणी, सतत ओल आणि हवा नसणं ही तीन कारणं. एका डब्यात पडलं की तो डबा लगेच वेगळा करा, वहीत फुली मारा आणि तीच माती दुसऱ्या डब्यात वापरू नका, यासाठीही नंबर लागतो. पेरायच्या आधी बियाला ट्रायकोडर्मा (वाईट बुरशीला मारणाऱ्या चांगल्या बुरशीची पावडर) चोळा, किलोला 5 ग्रॅम असं प्रमाण असतं, आपल्या दोन चमचे बियांना चिमूटभर पुष्कळ. कृषी सेवा केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बाजूने कधी जाणं झालं तर तिथेही विचारा. अकोला सफेद कांद्याचं बी पण तिकडचंच.

डब्यातून काढून पिशवीत किंवा वाफ्यात लावताना नंबरचं काय?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. टमाटर 25-30 दिवसांचं झालं की, मिरची-वांगं 35-40, कांदा दीड महिन्याचा. त्या दिवशी घाई असते, मजूर असतात, पोरं मदत करतात.

माझा नियम असा आहे की एका वेळी एकच डबा उघडायचा. तो पूर्ण रिकामा झाला, त्याची पट्टी वाफ्याच्या तोंडाशी खोवली, वहीत लिहिलं, मगच दुसरा. चार डबे समोर मांडून बसलं की रोपं मिसळतातच. वाफ्यात दोन्ही टोकांना पट्टी, कारण एक टोक कुदळीखाली जातं. बाजाराला नेताना जुडीला त्याच डब्याच्या रंगाची चिंधी बांधते, त्यामुळे गिऱ्हाइकालाही घरी जाऊन कळतं.

नंबर गेला आणि वहीही सापडत नाही. आता?

पान चुरगाळून वास घ्या. टमाटरचा वास कोणी विसरत नाही, आणि त्याच्या देठावर बारीक लव असते. वांग्याचं पान खालून पांढुरकं लवदार, काही जातींचा देठ जांभळट. मिरचीचं पान गुळगुळीत, चकचकीत, निमुळतं. कांदा उगवताना केसाच्या पिनसारखा वाकून येतो. गाजराची पहिली पानं दोऱ्यासारखी लांब. कोबीच्या घरात मात्र हात टेका, "मिश्र कोबी" म्हणून घरच्याच वाफ्यात लावा, विकू नका.

घरचं बी ठेवायचं तर खूण कधीपासून करायची?

फळ झाडावर असतानाच. चांगल्या झाडाच्या फांदीला चिंधी बांधा, नाहीतर कोणीतरी तोडून भाजी करतं. आमच्या भिवापूरकडच्या एका नातेवाइकांनी मला त्यांच्याकडची मिरची दिली होती, तिला भौगोलिक मानांकन आहे म्हणून मी जपून एका झाडावर पाच मिरच्या लाल होऊ दिल्या, चिंधी बांधली नाही, पाहुणे आले आणि त्यांचा ठेचा झाला. ठेचा चांगला झाला होता, हे पण सांगते.

वाळलेलं बी कागदी पुडीत, पुडीवर पेन्सिलने नंबर आणि आत एक चिठ्ठी. पुडीत राख मिसळली तर कीड कमी लागते. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन जातींच्या मिरच्यांचं बी घेऊ नका, मधमाश्या जात बघत नाहीत.

जानेवारीत डब्यात काय पेरता येतं?

उन्हाळ्याची वेलं. काकडी, कोहळं, कारलं, ढेमसं (टिंडा) महिन्याच्या शेवटी पिशव्यांत पेरा, गारठा असेल तर वर सांगितलेली पुरचुंडी करून. एका पिशवीत दोन बिया आणि प्रत्येक पिशवीला नंबर नको, दहा पिशव्यांच्या घमेल्याला एक. वेलांची मुळं हलवलेली आवडत नाहीत म्हणून पिशवी फाडून मातीसकट लावायची. फेब्रुवारी-मार्चात गारांची भीती असतेच, 2014 ची गारपीट कोण विसरेल, आभाळ काळं झालं की घमेली उचलून ओसरीत घेता येतात, वाफ्यातलं रोप उचलता येत नाही.

डबे कधी आवरायचे?

आमच्याकडे होळीच्या आधी, कारण मग घरचे कूलर मागायला लागतात. स्टँड आणि ट्रे रिकामे करा, माती एका कोपऱ्यात उन्हात पसरा, डबे साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. बुडाचा जुना नंबर विटेने घासून काढा किंवा त्यावर आडवी रेघ मारा, दोन्ही नाही केलं तर दिवाळीला पुन्हा दोन सतरा. वही कूलरवर ठेवू नका. मागच्या वर्षी ती स्टँडवरच राहिली, यांनी कूलर भरला आणि पहिल्या दिवशीच ओली झाली, पण पेन्सिलने लिहिलेलं सगळं वाचता येतंय, बॉलपेनने लिहिलेली दोन पानं तेवढी गेली.